तीन बंद लॅपटॉपांतून एक चालू

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणानंतरचं भाषण माझ्या वाट्याला आलंय. भालचंद्राच्या कृपेने कुणी झोपणार नाही अशी आशा करतो. सरांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की आजही हात आपोआप मागे बांधले जातात. तरी एक हात मोकळा ठेवलाय, कारण समोरच्या टेबलावरचा लॅपटॉप तुम्हाला दाखवायचा आहे. हा कुठल्याही दुकानातून असा विकत आणलेला नाही. तीन बंद पडलेल्या लॅपटॉपांचे भाग एकत्र करून तो याच शाळेच्या खोलीत, नववीच्या मुलामुलींनी आणि मी मिळून जोडला. त्यातली प्रणालीही, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मुलांनीच घातली.

हे आत्ता सांगायचं कारण तुम्हाला माहीत आहे. आपण सगळ्यांनी मिळून शाळेसाठी जो निधी जमवलाय, त्यातून नवे टॅब घ्यावेत असं काही जणांचं मत आहे. माझं मत वेगळं आहे. निर्णय संध्याकाळच्या बैठकीत व्हायचा आहे, त्याआधी या यंत्राची हकीकत ऐकून घ्या.

मी वाळूजच्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. बंद पडलेलं सुरू करणं हाच माझा धंदा. पुण्यातल्या आपल्या दोघा मित्रांकडे त्यांच्या कंपनीने जुने म्हणून काढलेले, थिंकपॅड मालिकेतले, २०१५ च्या आसपासचे १४ इंची लॅपटॉप पडून होते. तिसरा तसाच, मी जुन्या मालाच्या बाजारातून घेतला. एकाची स्क्रीन फुटलेली, बिजागरी तुटलेली, पण मदरबोर्ड ठणठणीत. दुसऱ्यावर चहा सांडून बोर्ड गेलेला, स्क्रीन मात्र स्वच्छ. तिसऱ्यात डिस्कच नव्हती, पण बॅटरी आणि चार्जर चांगले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. डेस्कटॉप कॉम्प्युटर जोडणं सोपं असतं, कारण त्याच्या भागांची मापं ठरलेली असतात. या कंपनीचा बोर्ड त्या कंपनीच्या डब्यात बसतो. लॅपटॉपचं तसं नाही. प्रत्येक मॉडेलचा बोर्ड त्याच्या त्याच्या सांगाड्याच्या आकाराचा कापलेला असतो. म्हणून एकच मॉडेल धरायचं आणि त्याचेच भाग गोळा करायचे. दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कारागीर वर्षानुवर्षं हेच करत आलेत. रॅम, डिस्क आणि वायफाय कार्ड एवढ्या गोष्टी तेवढ्या बऱ्यापैकी सामायिक असतात. तिथेही डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही, खाचच वेगळी असते.

मुलांनी काम कसं केलं ते सांगतो. पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि काढलेला प्रत्येक स्क्रू चित्रातल्या त्याच्या जागी खोचून ठेवला. कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो बोर्डाला भोक पाडू शकतो. सगळ्यात आधी बॅटरी सुटी केली. फुगलेली बॅटरी असेल तर तिला हातही लावायचा नाही, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. प्रोसेसरवरची वाळून गेलेली पेस्ट पुसून नवी लावली. पहिल्या आणि तिसऱ्या यंत्रातली चार-चार जीबीची रॅम एकत्र करून आठ जीबी केली. नवीन विकत घेतली ती फक्त २५६ जीबीची एसएसडी आणि पेस्टची एक ट्यूब.

बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन उजळली आणि इंग्रजीत एक ओळ आली, तिचा अर्थ असा की चालू करण्यासारखं इथे काहीच सापडत नाही. मुलांचे चेहरे पडले. मी म्हटलं, अरे, हीच तर आनंदाची गोष्ट आहे. यंत्र बोलतंय!

प्रणाली म्हणजे काय, हे मी त्यांना आपल्या शब्दांत सांगितलं. विहीर आहे, मोटार आहे, पाइपलाइन आहे, वाफेही पाडलेत. पण दारं धरायला माणूस नाही. मग पाणी कुठल्या वाफ्यात, किती वेळ सोडायचं आणि कधी मोडायचं, हे कोण ठरवणार? कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरचा वेळ हे पाणी आणि चालणारे प्रोग्राम हे वाफे. रात्रंदिवस दारं धरणारा माणूस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. कीबोर्डवरचं अक्षर कुणाला द्यायचं, फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, दोन प्रोग्राम एकमेकांच्या वाफ्यात घुसू नयेत, हे सगळं तोच पाहतो.

आता कुठली प्रणाली घालायची? मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आमचा पाचव्या पिढीचा. म्हणजे हातपाय धडधाकट असूनही हा लॅपटॉप अधिकृत नियमाने निवृत्त झाला. घरोघरी कपाटांत पडलेले आपले कितीतरी लॅपटॉप याच रांगेत आहेत.

म्हणून आम्ही लिनक्स घेतलं. त्याची गोष्ट मुलांना फार आवडली. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जाहीर केलं की आपण अशी प्रणाली लिहू, जी कुणीही वापरावी, उघडून पाहावी, सुधारावी आणि वाटावी. तिचं नाव जीएनयू. पुढे ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहीत असल्याचं कळवलं. या दोन्हींच्या मेळातून आणि जगभरच्या हजारो लोकांच्या हातभारातून ही प्रणाली उभी राहिली. आपल्याकडे सावड करतात ना, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात? तशीच ही सावड, फक्त रान सगळ्यांचं एक. त्यातलीच डेबियन ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेली प्रणाली आम्ही निवडली. तिची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. निवडण्याचं खरं कारण वेगळंच होतं, ते पुढे कळेलच.

डेबियनची फाइल उतरवून घेतली. डेअरीवर दूध घालताना आधी फॅट लावतात, तशी फाइलचीही तपासणी असते. तिच्यावरून हिशेबाने ६४ अक्षर-अंकांची एक ओळ निघते. संकेतस्थळावर दिलेली ओळ आणि आपली ओळ जुळली तरच फाइल शुद्ध. एका मुलाने वाचायची, दुसऱ्याने ताडायची, अशी मुलांनी ती सगळी ओळ मोठ्याने जुळवली. मग फाइल पेनड्राइव्हवर उतरवली. नुसती कॉपी करून भागत नाही. त्यासाठीच्या छोट्या प्रोग्रामने ती जशीच्या तशी लिहावी लागते. पेनड्राइव्ह लावला, चालू करताना एफ-१२ दाबलं आणि यादीतून तो निवडला.

पहिलाच प्रश्न आला भाषेचा. लांबलचक यादी होती. एक मुलगी बोट फिरवत खाली खाली गेली आणि ओरडली, "सर, मराठी आहे!" होय, डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे. कुणीतरी मराठी माणसांनी कुठेतरी बसून, एकेक वाक्य, ते भाषांतर केलंय. निवडण्याचं खरं कारण हेच. पुढचे सगळे प्रश्न मुलांनी मराठीत वाचले. कळफलक तेवढा पासवर्डसाठी इंग्रजी ठेवला. मराठी इनस्क्रिप्ट नंतर जोडला.

मग आली डिस्कची वाटणी. हा भाग सगळ्यांना अवघड वाटतो, आपल्या मुलांना मात्र चटकन कळला, कारण वाटणीवरची भांडणं आपल्या शिवारात कमी नाहीत. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा. अर्धा जीबी सुरुवातीच्या फाइलींसाठी, म्हणजे पायवाट. ४० जीबी प्रणालीला. ८ जीबी अदलाबदलीला, म्हणजे रॅम कमी पडली तर. उरलेलं सगळं मुलांच्या कामाला. प्रणाली आणि काम वेगळ्या वाट्यांत ठेवल्याने उद्या प्रणाली पुन्हा घालावी लागली तरी त्यांच्या फाइली जाग्यावर राहतात.

वाटणी लिहिण्यापूर्वी इन्स्टॉलर थांबतो आणि विचारतो, हे बदल डिस्कवर खरंच लिहायचे का? त्याचं आधीपासून धरलेलं उत्तर "नाही" असतं. "हो" माणसानेच म्हणायचं. माऊसवर त्या वेळी हात होता एका मुलीचा. तिचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि ती आजीजवळ राहून शिकते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, हो म्हटल्यावर परत फिरता येतं का?" मी म्हटलं, "नाही. पण ही डिस्क नवी आहे. पुसण्यासारखं त्यात काही नाही. तू नीट वाचलंयस ना?" तिने पुन्हा एकदा सगळे वाटे मोठ्याने वाचून दाखवले आणि मग "हो"वर बोट दाबलं. त्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा एका यंत्राने तिला विचारून काम केलं. टॅबवर असा प्रश्न कधीच येत नाही. तिथे सगळं आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. हलका असलेला एक्सएफसीई डेस्कटॉप निवडला. इंटरनेट माझ्या मोबाइलवरून यूएसबीच्या वायरने दिलं. वायफाय रुसलं तर हा उपाय लक्षात ठेवा. मधेच लाइट गेली. बॅटरीवर काम चालूच राहिलं, आणि आपल्या गावात लॅपटॉप का हवा हे वेगळं सांगावं लागलं नाही. शेवटी ग्रब नावाचा चालू करणारा प्रोग्राम बसला, पेनड्राइव्ह काढला आणि यंत्र स्वतःच्या पायावर सुरू झालं. टाळ्या कुणी वाजवल्या ते शिपाईमामांना विचारा, तेच दारात उभे होते.

आज त्यात लिब्रेऑफिस आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात आहेत. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया किविक्स या प्रोग्राममुळे इंटरनेट नसतानाही उघडतो. डोंगराकडेला रेंज नसणाऱ्या वस्तीवर याचं मोल काय, ते तिथल्या मुलांना विचारा.

आता टॅबवाल्या मित्रांचं म्हणणं. ते चुकीचं नाही. नव्या वस्तूला वॉरंटी असते, सगळे एकसारखे असतात, लगेच वाटता येतात. जोडलेला लॅपटॉप जड असतो, बॅटरी कमी टिकते, आणि काही कार्यालयीन सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतात, म्हणून ऑफिसमधला एक कॉम्प्युटर विंडोजचाच राहू द्या. हे सगळं मान्य. माझा प्रश्न एवढाच आहे: वॉरंटी संपल्यावर काय? टॅबची बॅटरी गेली की ती बदलायला गावात कुणी नाही, आणि तो कपाटात जातो. हा लॅपटॉप बिघडला तर तो उघडणारी सहा मुलं आज याच शाळेत आहेत. पुढच्या वर्षी ती दहावीत जातील आणि नववीला शिकवतील. केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती ही गरिबाची नाइलाजाची गोष्ट आहे, असं आता कुणी समजत नाही.

म्हणून माझी मागणी तीन गोष्टींची आहे. एक, ज्याच्या घरी बंद लॅपटॉप असेल त्याने तो शाळेला द्यावा. फोटो आणि बँकेच्या कागदांची काळजी असेल तर डिस्क काढून घरी ठेवा, बाकीचं आम्हाला द्या. देण्याआधी बायोसचा पासवर्ड मात्र काढा. तो राहिला तर चांगला बोर्डसुद्धा कुलूपबंद पेटी होतो. दोन, निधीतला एक भाग एसएसडी, बॅटऱ्या आणि पाच-सहा चांगल्या स्क्रूड्रायव्हरच्या संचांसाठी ठेवावा. तीन, आणि ही सगळ्यात महाग गोष्ट आहे, तुमच्यापैकी ज्यांना हे काम येतं त्यांनी वर्षातून दोन दिवस इथे यावं. दिवाळीत एक, उन्हाळ्यात एक. मी दोन्ही दिवस आहेच.

सर, आपण आम्हाला विज्ञानाच्या तासाला टेबलावर मोटार उघडून ठेवली होती आणि म्हणाला होतात, हात लावा. आम्ही लावला, म्हणून आमच्यातले काही वायरमन झाले, काही इंजिनिअर. आजच्या मुलांच्या टेबलावरही उघडलेलं यंत्र असावं, एवढंच मला म्हणायचं आहे.

संध्याकाळच्या बैठकीत हात वर करताना विचार करा. चहाच्या वेळी लॅपटॉप इथेच असेल. मागे चार स्क्रू आहेत, स्क्रूड्रायव्हर शेजारी ठेवलाय. उघडून पाहा.