परसातील झाडांच्या पानांवरचे ठिपके
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या नंदुरबारकडे उन्हाळा कडक. त्या दिवसांत परसात एक लिंबाचे झाड असले तर घराला किती आधार होतो, हे आपणा कुणालाच सांगायला नको. सरबत, लोणचे, शेजारी देणे-घेणे, आणि उरली तर चार लिंबे बाजारात विकून मिळणारे पैसे. परंतु पावसाळा आला की त्याच झाडाच्या पानांवर ठिपके पडतात, लिंबे खरबरीत होतात, आणि कुणी म्हणते दृष्ट लागली, कुणी म्हणते झाड म्हातारे झाले. मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी आहे. पण या ठिपक्यांविषयी जे समजून घेतले ते उपयोगाचे वाटले, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट ही की सगळे ठिपके एक नव्हेत. औषध आणण्यापूर्वी पान तोडून दोन्ही बाजूंनी पाहावे, बोट फिरवावे आणि ओल्या फडक्याने पुसावे.

पुसल्यावर काळे निघून आले तर तो ठिपक्यांचा रोग नव्हे. मावा, तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींच्या चिकट पाण्यावर धरलेली ती काजळी आहे. तेथे कीड घालवावी लागते. पान पिवळे पण शिरा हिरव्या, असे असेल तर बहुधा झाडाला अन्न कमी पडते आहे, किंवा काळ्या मातीत बुडाशी पाणी साचून राहते आहे. तेथे ठिपक्याचे औषध मारणे म्हणजे पोट दुखत असता डोक्याला लेप लावणे.

लिंबाच्या पानावर तपकिरी, बुचासारखे खरबरीत, दोन्ही बाजूंनी उठलेले ठिपके आणि भोवती पिवळे कडे दिसले, तर तो खैऱ्या रोग. त्यालाच कँकर म्हणतात. तो काड्यांवर आणि फळांवरही येतो. तो एका सूक्ष्म जंतूमुळे होतो. पावसाचे थेंब आणि वारा त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. नागअळी पानात चंदेरी नागमोडी रेघा पाडते, त्या जखमेतून तो सहज आत शिरतो.

आंब्याच्या कोवळ्या पानांवर तपकिरी-काळे, वेडेवाकडे डाग पडून पुढे ते वाळतात व तेथे भोके पडतात, तो करपा. ही बुरशी मोहोरावरही येते. आमच्या अक्राणीकडच्या ज्या भगिनी आंबे वाळवून आमचूर करतात, त्यांनी मोहोर काळा पडू लागला की इकडे लक्ष द्यावे.

आता मुख्य मुद्दा. पडलेला ठिपका कोणत्याही औषधाने जात नाही. औषध असते ते नव्या पानाच्या रक्षणासाठी. म्हणून रोगट काड्या व पाने पावसाळ्यापूर्वी कापून काढावीत, खालचा पाला गोळा करून खोल पुरावा, आणि मग फवारावे. पाला झाडाखाली तसाच राहिला तर आपण वरून औषध घालतो आणि खालून रोग राखतो.

औषध जुने व स्वस्त आहे, बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडच्या वेलांवर मोरचूद व चुना शिंपडीत. तेच वेल रोगातून वाचलेले दिसले, आणि 1885 साली मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने ही गोष्ट प्रसिद्ध केली.

घरच्यासाठी 50 ग्रॅम मोरचूद अडीच लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवावे. दुसऱ्या बादलीत 50 ग्रॅम ताजा कळीचा चुना विरवून अडीच लिटर करावा व गाळावा. दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतून ढवळावे. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी आणखी घालावी, नाहीतर पाने भाजतात. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. लिंबावर छाटणीनंतर एकदा, आणि पुढे पावसाळ्यात महिन्याच्या अंतराने उघडीप पाहून मारावे. नागअळीसाठी दर लिटर पाण्यात 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून फवारावी.

येथे आयाबहिणींना एक कळकळीची विनंती. मोरचूद विषारी आहे आणि ते निळ्या खडीसाखरेसारखे दिसते. ते पोरांच्या हाती लागेल असे ठेवू नये, स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी घेऊ नये. पापड-कुरडया वाळत असताना फवारू नये. शेतातले उरलेले जालीम औषध परसात मारू नये.

पपईची गोष्ट निराळी. पाने बारीक होऊन पिवळी-हिरवी चितारल्यासारखी झाली, देठावर तेलकट रेघा आणि फळावर गोल कडी उमटली, तर तो विषाणू आहे. त्यावर औषध नाही. मावा तो क्षणात दुसऱ्या झाडावर नेतो. फळ खाण्यास अपाय नाही, पण झाड उपटून पुरावे. लावलेले झाड उपटताना जीव तुटतो खरा, परंतु शहादा भागात आणि जिल्ह्यात इतरत्रही कितीतरी घरांचे वर्षाचे पोट पपईवर आहे. आपल्या एका झाडापायी कुणाचा मळा बसू नये.

नवे लिंबू लावणार असाल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची साई सरबती ही जात पाहावी. खैऱ्याला ती बरीच दाद देत नाही. रोग ओळखू आला नाही तर पान कागदात गुंडाळून नंदुरबारच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवावे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. वारा आणि पाऊस कुंपण पाहत नाहीत. एकीने परस झाडले आणि शेजारणीने तसेच ठेवले, तर पहिलीचे कष्ट फुकट. म्हणून मृग लागण्यापूर्वी एक दिवस ठरवून साऱ्या आळीने मिळून छाटणी व पाला पुरण्याचे काम करावे. ज्यांच्या घरी करायला कुणी नाही, त्यांच्या परसात आपण जावे. हळदीकुंकवाला आपण घरोघर जातो, तसेच हे.