निर्गम वाचण्याआधी
(शिबिरातलं बोलणं, लिहून काढलेलं)



उद्यापासून आपण निर्गमाचं पुस्तक वाचणार. मोशे, फारो राजा, समुद्र दुभंगला ते सगळं. पण आमचं म्हणणं असं की गोष्ट तिथून धरू नका. आधी उत्पत्तीचा 47 वा अध्याय बघा. जमीन कशी गेली ते तिथं लिहिलंय.

मिसर देशात दुष्काळ पडला. धान्य राजाच्या कोठारात, त्यावर कारभारी योसेफ. लोकांचे आधी पैसे गेले. मग घोडे, शेरडं-मेंढरं, गाईबैल, गाढवं. पुढच्या वर्षी लोकच येऊन म्हणाले की आता अंग आणि जमीन तेवढी उरली, ती घ्या पण दाणे द्या. जमीन फारोची झाली. बियाणं त्याचं, पिकाचा पाचवा हिस्सा त्याचा. पुजाऱ्यांच्या जमिनी तेवढ्या सुटल्या! खावटी घेऊन अंगठा दिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

हा योसेफ इस्राएलाचाच पोरगा. भावांनी विकलेला, स्वतः गुलामी आणि तुरुंग भोगलेला. तरी त्याच्याच हातून हे झालं. पुढं त्याला न ओळखणारा राजा आला आणि त्याच्याच भाऊबंदांना वेठीला धरलं. पिथोम आणि रामसेस ही नगरं त्यांच्याकडून बांधून घेतली. ती कसली? कोठारांचीच.

निर्गमाच्या 5 व्या अध्यायात विटा येतात. चिखलात पेंढा मिसळून पाडायच्या, उन्हात वाळवायच्या. आमच्यातले अर्धे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे, म्हणून इथं आम्ही बराच वेळ थांबलो. देवाच्या सणासाठी रानात जाऊ द्या, अशी मोशेनं मागणी केली. फारो म्हणाला, आळशी झालेत. पेंढा बंद, तुमचा तुम्ही गोळा करा, विटा मात्र तेवढ्याच. कमी पडल्या तर मार कुणाला? इस्राएलातल्याच मुकादमांना. आणि ते मुकादम चिडले कुणावर, तर मोशेवर!

हे खरंच घडलं का, असं एका साथीनं विचारलं. मिसरच्या जुन्या लेखांत मोशे सापडत नाही. इस्राएल सापडतं, मेरनेप्ता राजाच्या दगडावर, इ.स.पूर्व सुमारे 1208. राजानं कोरून ठेवलंय की इस्राएल उजाड झालं, त्याचं बीसुद्धा उरलं नाही.

आणखी एक. हे लोक ज्या कनान देशाकडं निघाले तिथं आधीपासून माणसं राहत होती. आदिवासी म्हणून ते आमच्या घशाखाली उतरत नाही. त्यावर शेवटच्या दिवशी भांडू.

ज्यांना वाचता येतं त्यांनी आज रात्री 47 वा मोठ्यानं वाचून दाखवावा. कंदील दोन आहेत, एक बायांच्या बाजूला ठेवा.