सैनिकी परिचर्या आणि भूलविद्या
नवी मुंबईतील एखादी विद्यार्थिनी सैनिकी परिचारिका होण्याचे मनात आणते, तेव्हा तिला दूर जावेच लागेल असे नाही. कुलाब्यास नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयातच परिचर्या महाविद्यालय आहे. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबईस उतरल्या, तेव्हापासून या सेवेची परंपरा गणली जाते. नीट परीक्षा, मुलाखत, शारीरिक तपासणी, चार वर्षांचे शिक्षण आणि मग लेफ्टनंटचा हुद्दा. सेवेचा करार मात्र सहीपूर्वी वडील माणसांसह वाचलेला बरा.

परंतु जिचे मन भूलविद्येकडे ओढते, तिने एक भेद आधीच ओळखावा. अमेरिकेच्या सैन्यात परिचारिका स्वतः भूल देते. त्या अभ्यासक्रमाच्या अर्जास अतिदक्षता विभागातील निदान एका वर्षाचा अनुभव लागतो. भारतात भूल देणे हे डॉक्टरांचे काम. परिचारिका साधने मांडते, नाडी व श्वास पाहते, शुद्धीवर येणाऱ्या जवानाच्या उशाशी उभी राहते. हे काम हलके नव्हे. त्या घटकेस श्वासमार्ग अडला, तर तो बहुधा प्रथम तिच्याच ध्यानी येतो. तथापि औषधाची मात्रा आपणच ठरवावी अशी जिची आकांक्षा असेल, तिने वैद्यकाचाच अर्ज भरावा. पुण्याचे सैनिकी वैद्यक महाविद्यालय मुलींनाही घेते, आणि नीट परीक्षा तेथेही तीच.