शब्द फुटायला उशीर झाला तर



वर्धापनदिनानिमित्त आम्हाला विषय दिला आहे, 'वाचा-उपचार आणि शाश्वत विकास'. पत्रिका वाचून एका काकांनी बाहेरच विचारलं, "बोबड्या बोलण्याचा आणि जगाच्या विकासाचा संबंध काय हो?" प्रश्न रास्त आहे.

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात १९३ देशांनी २०३० पर्यंत गाठायची १७ उद्दिष्टे मान्य केली. गरिबी जावी, आरोग्य मिळावे, सर्वांना शिक्षण मिळावे, विषमता कमी व्हावी. आणि यात कुणालाही मागे ठेवू नये. या सतरांत 'बोलणे' नावाचे उद्दिष्ट नाही. पण पाटीवर लिहायच्या आधी मुलाजवळ शब्द असावा लागतो. तो तोंडातूनच यावा असा आमचा हट्ट नाही, हातांच्या खुणांची भाषा हीसुद्धा पूर्ण भाषाच आहे. पण दोन्हींपैकी एकही न मिळालेलं मूल वर्गात नुसतं बसून राहतं. अर्धांगवायूनंतर ज्या बाईला 'इथे दुखतं' एवढंही सांगता येत नाही, तिचा दवाखाना जवळ असून लांबच.

२०११ च्या जनगणनेत ऐकण्याचा दोष असलेले ५० लाखांवर आणि बोलण्याचा दोष असलेले सुमारे २० लाख लोक नोंदले गेले. ही झाली नोंद.

आमच्याकडे अडीच वर्षांचा एक मुलगा आणला होता. आजीने वेखंड उगाळून जिभेला लावून पाहिलं होतं. 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणून घरचे थांबले होते. ताटली पडली की तो वळून बघायचा, म्हणून ऐकू येतं असं सगळ्यांना वाटे. तपासणीत कळलं, मोठा आवाज पोचतो, माणसाचं बोलणं पोचत नाही. जीभ बिचारी ठीकच होती! कानाला यंत्र बसवलं.

आणि इथे आम्ही एक चूक केली. आई घरात वऱ्हाडी बोलायची. आम्ही सांगितलं, "ताई, याच्याशी पुस्तकातलं शुद्ध बोला." ती इतकी धसकली की चुकेल म्हणून गप्पच राहू लागली. दोन महिने मूल पुढे सरकेना. आमचं शिक्षण इंग्रजी पुस्तकांतून झालेलं, आईची बोली हेच खरं औषध हे त्यामुळे उशिरा उमगलं. मग म्हटलं, "ताई, तुमचं तुम्ही बोला. कांदा चिरताना बोला, आंघोळ घालताना बोला. एक वाक्य बोलून थांबा, त्याच्याकडे बघा, त्याला वेळ द्या." चार महिन्यांनी तो म्हणाला, "पानी दे." आम्ही काही ते 'पाणी' करायला गेलो नाही.

मातांनो, बाळाचे कान पहिल्या महिन्यातच तपासून घ्यावेत. बाळ झोपलेलं असतानाही ही तपासणी होते. दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर वाट पाहू नका. कान वाहत असेल तर कोमट तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा. लहानपणच्या बहिरेपणापैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्यासारखा असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऐकण्याचे, बोलण्याचे आणि भाषेचे दोषही आहेत. प्रमाणपत्र काढून घ्या, लाजू नका.

राहिला 'शाश्वत' हा शब्द. शिबिरात यंत्र वाटलं जातं, फोटो निघतो, आणि सेल संपला की यंत्र कपाटात जातं. बोलायला शिकवणारं माणूस त्या गावात फिरकत नाही. असा विकास सेलइतकाच टिकतो.

जेवणानंतर आम्ही मागच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांची यंत्रं कपाटात पडली आहेत, त्यांनी ती घेऊन यावं. सोबत मुलाशी रोज बोलणारं माणूसही आणावं, आजी असली तरी चालेल.