धनुष्याची कमान



जनकाच्या सभेतील धनुष्यभंगाची कथा आपणां सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. आज मी ज्या धनुष्यभंगाविषयी बोलणार आहे तो माझ्या हातून, माझ्याच घराच्या पडवीत झाला, आणि त्याबद्दल मला कोणी वरमाला घातली नाही. शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध सुतारमिस्त्रींनी एवढेच विचारले, "मास्तर, घाई कसली होती?" त्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ दिवसांनी सापडले. ते आपल्याला सांगावे म्हणून आज उभा आहे.

लाकडाचे धनुष्य हाताने घडविताना त्याच्या दोन्ही भुजा सारख्या वाकतील असे करणे, हा आजचा विषय. इंग्रजीत ह्या कामाला 'टिलरिंग' म्हणतात. आमचे मिस्त्री 'कमान साधणे' म्हणत, तोच शब्द मी वापरतो.

प्रथम धनुष्याची अंगे पाहू. मध्ये मूठ, तिच्या वर एक भुजा आणि खाली एक. लक्ष्याकडे असते ती पाठ आणि आपल्याकडे असते ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते व पोट दाबले जाते. वाळलेले चांगले लाकूड जेवढा ताण सोसते, त्याच्या सुमारे निम्माच दाब सोसते. परंतु ताण सोसण्याला एक अट आहे. पाठीवरचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असले पाहिजेत. म्हणून जाणता कारागीर ओंडका करवतीने कापण्यापेक्षा तंतूंच्या रेषेने फोडतो, सालीखालची पाठ एकदा नीट केली की तिला पुन्हा हत्यार लावत नाही, आणि जे काय तासायचे ते पोटाकडून तासतो.

आता आपण म्हणाल, दोन्ही भुजा मापून एकसारख्या जाडीच्या केल्या की झाले. मीही तसेच समजत होतो. पण दोरीच्या ओढीचा जोर भुजेवर सगळीकडे सारखा पडत नाही. भिंतीतून पुढे आलेल्या तुळईच्या टोकावर वजन टांगले, तर ती भिंतीलगत मोडते, टोकाशी नव्हे. धनुष्यातही मुठीलगतच्या भागावर जोर सर्वांत अधिक येतो आणि टोकाकडे तो कमी कमी होत जातो. म्हणजे सारख्या जाडीची भुजा मुठीजवळच दुमडेल, आणि टोकाकडचे लाकूड नुसते ओझे होऊन राहील. सर्वत्र सारखे वाकायचे, तर भुजा टोकाकडे निमुळती होत गेली पाहिजे.

किती निमुळती, ह्याला कोष्टक पुरत नाही, कारण लाकूड म्हणजे लोखंडाची पट्टी नव्हे. त्यात गाठ असते, एक बाजू दाट तर दुसरी विरळ असते. शिवाय जाडीचा हिशेब मोठा कडक आहे. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 20 मिलिमीटर जाडीची भुजा एके ठिकाणी 18 मिलिमीटर झाली, तर जाडी गेली दहावा हिस्सा, पण त्या ठिकाणचा ताठपणा गेला पावाहून अधिक! रंध्याचे दोन हात जास्त पडले की धनुष्याचा स्वभाव बदलतो. म्हणून मोजपट्टी कामाच्या आरंभापुरती, पुढचे सारे काम डोळ्याचे.

ते असे चालते. आधी एक टोक जमिनीला टेकवून, मुठीवर भार देऊन, भुजा हलके दाबून पाहतात. मग धनुष्य आडवे करून मुठीशी भिंतीवरच्या खुंटीवर बसवतात, त्याला सैल लांब दोरी लावतात, आणि ती दोरी खालच्या कप्पीतून घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून ओढतात. दूर उभे राहायचे ते एवढ्यासाठी की सबंध कमान एका नजरेत यावी. जेथे लाकूड ताठ राहिले असेल तेथे पेन्सिलीने खूण करायची आणि तेवढेच पोटाकडून खरवडायचे. मिस्त्रींजवळ ह्यासाठी वीतभर लांबीची एक सरळ पट्टी असे. ताणलेल्या भुजेच्या पोटावर ती सरकवीत नेली, की पट्टीखाली फट कोठे मोठी पडते आणि कोठे पडतच नाही, हे लगेच कळे. खरवडले की लगेच निकाल द्यायचा नाही. वीस-तीस वेळा थोडे थोडे ओढून सोडायचे, कारण लाकडाला झालेला बदल उमगायला वेळ लागतो.

आणखी एक नियम आहे. धनुष्य जितक्या पौंडांचे करायचे ठरविले असेल, तितका भार स्प्रिंगच्या काट्यावर दिसला की थांबायचे, मग ओढ दहाच इंच झालेली का असेना. तेथून पुढे एक इंचही न ओढता पुन्हा खरवडायला घ्यायचे. एखादा भाग अजून दुबळा आणि बाकीचे ताठ असताना अधिक ओढले, तर तो दुबळा भाग एकटा सर्वांचा भार घेतो. त्याच्या पोटावरचे तंतू चुरतात, बारीक आडवी सुरकुती पडते, आणि ती सुरकुती मग कशानेही जात नाही.

माझे चुकले ते येथेच. मी धामणीचे लाकूड घेतले होते. धामण लवचिक, तिच्या कावडी होतात, तशी धनुष्येही होतात. मला 50 पौंडांचे धनुष्य हवे होते, ओढ 26 इंच. 20 इंचांपर्यंत काम ठीक आले आणि मग वरच्या भुजेत, मुठीपासून वीतभर अंतरावर, एक जागा बाकीच्यांपेक्षा अधिक वाकताना दिसली. मिस्त्रींनी बोट ठेवून दाखविली. मी विचारले, "हिला ताकद कशी द्यायची?" ते म्हणाले, "काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, मास्तर. हिला हात लावू नका. बाकीच्यांना हिच्या बरोबरीला आणा."

उपाय एवढाच असतो. दुबळ्या जागेला बळ देता येत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे, आणि दुसऱ्या भुजेतलेही, ताठ लाकूड उतरवून सर्वांना वाकण्यात वाटेकरी करावे लागते. पण ह्याला किंमत पडते. सगळी भुजा उतरली की धनुष्याचा जोर उतरतो. माझ्या 50 पौंडांचे 35 झाले असते. माझ्या मनाला ते पटेना. ती जागा निभावेल, असे म्हणून मी ओढले. तिने निभावले नाही.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हे, एवढे समाधान मला एका जुन्या पुस्तकाने दिले. केंब्रिजच्या रॉजर ॲस्कम ह्या पंडिताने 1545 साली धनुर्विद्येवर 'टॉक्सोफिलस' नावाचे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो, की विकत आणलेले धनुष्यही प्रथम मैदानात नेऊन जड बाणांनी वापरून पाहावे. ते कोठे अधिक वाकते हे हेरून त्या जागेची वेळीच काळजी घ्यावी. मग चांगल्या कारागिराकडे परत नेऊन सर्वत्र गोल वाकेल असे करून घ्यावे. त्याच 1545 साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे युद्धनौकांतले नावाजलेले जहाज बुडाले. त्याचा सांगाडा 1982 साली वर काढला. त्या जहाजातून 137 अखंड धनुष्ये मिळाली, सहा-सात फूट लांबीची, यू नावाच्या झाडाच्या लाकडाची. त्यांतली कित्येक 100 पौंडांहून अधिक जोराची असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे. तेवढा भार सोसणारी भुजा कोणा कारागिराने दूर उभे राहून, डोळे बारीक करून, खरवड खरवडून साधली असेल, हे लक्षात घ्या.

आणि त्याहून जुनी एक गोष्ट. 1991 साली आल्प्सच्या बर्फात, ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा एक मनुष्य सापडला. त्याच्याजवळ तांब्याची कुऱ्हाड होती, चौदा बाण होते, त्यांतले दोनच पुरे झालेले. आणि सहा फुटांचे यूचे एक धनुष्य होते. त्यावर तासल्याचे घाव अजून स्पष्ट दिसतात. त्याची कमान साधायची राहून गेली होती. बाण मारून कोणीतरी त्याला ठार केले. त्या डोंगरात जीव वाचवायला त्याला धनुष्याची किती निकड असेल! तरी ते कच्चे धनुष्य त्याच्या उपयोगाचे नव्हते. लाकूड होते, लांबी होती, हत्यार होते. सर्व भागांनी मिळून वाकायचे तेवढे अजून शिकवायचे होते.

मी दुसरे धनुष्य केले. तेही धामणीचेच. पाच आठवडे लागले. खालची भुजा वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवली, कारण हात मध्याच्या खाली असतो व बाण त्याच्या वरून जातो. काटा अखेरीस 36 पौंडांवर थांबला. मिस्त्रींनी ते खुंटीवर ओढून पाहिले, लांब जाऊन पुन्हा पाहिले, आणि काही न बोलता पेन्सिल खिशात ठेवली. पेन्सिलीला काम उरले नव्हते.

घाई कसली होती, ह्याचे उत्तर आता देतो. घाई वेळेची नव्हती. जे बळ त्या लाकडात सगळीकडे मिळून नव्हते, ते मला काट्यावर पाहायचे होते. आता कोणी हौशी तरुण माझ्याकडे फुटकी भुजा घेऊन आला, तर मी त्याला एवढेच विचारतो, की काटा कितीवर गेला होता, आणि ती जागा तुला आधी दिसली होती का. बहुतेक वेळा ती दिसलेली असते.