नाताळचा मोजा आणि त्याची जोडी

(महिला मंडळाच्या नोव्हेंबरच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



नाताळच्या मोज्यात काय भरावे यावर दहा-पंधरा मिनिटे बोला, असे मला सांगण्यात आले आहे. विषय लहान आहे खरा. पण दरवर्षी २३-२४ डिसेंबरला आपल्यापैकी कितीतरी जणी बाजारात प्लास्टिकच्या खेळण्यांपुढे उभ्या राहून "आता यात काय कोंबू?" म्हणत असतात, म्हणून तो नोव्हेंबरातच घेतलेला बरा. शिवाय आपले मोजे दोन ठिकाणी जातात. काही आपल्या घरी टांगले जातात आणि काही आदिवासी वसतिगृहातल्या मुलामुलींकडे जातात. दोन्हीकडची भरणी निराळी असायची, असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगते.

माझ्या आजीच्या घरी मोजे टांगत नसत. नाताळ म्हणजे दारावरची चांदणी, करंज्या नि शेव, केकचे डबे घेऊन बेकरीसमोरची रांग, आणि रात्री गाणी म्हणत येणाऱ्या तरुण संघासाठी चुलीवर चहाचे आधण. मोजा आमच्याकडे फार उशिरा आला. पण त्यामागची गोष्ट आपल्या घरांना चटकन कळेल अशी आहे. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा या गावी निकोलस नावाचे बिशप होते. परंपरेने त्यांच्याविषयी सांगतात ते असे : एका गरीब बापाच्या तीन मुली होत्या. हुंड्याला पैसा नव्हता, आणि लग्ने झाली नाहीत तर मुलींवर वाईट मार्गाला लागण्याची पाळी येणार होती. निकोलस रात्रीचे गेले आणि खिडकीतून सोन्याची थैली आत टाकून आले. असे तीनदा केले. पुढे ही गोष्ट सांगता सांगता खिडकीच्या जागी धुराडे आले, आणि थैली वाळत घातलेल्या मोज्यात जाऊन पडू लागली. १८२३ साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात संत निकोलसाच्या भेटीवरची एक कविता छापून आली. तिच्यातही धुराड्याशी मोजे टांगलेले आहेत, आणि त्या कवितेने ही चाल पुष्कळच लोकप्रिय केली. हुंड्याची गोष्ट मात्र मागे राहिली. आपल्या समाजात तरी ती मुलांना सांगायला हरकत नाही, आणि मुलांपेक्षा मुलांच्या बापांना.

या गोष्टीत सोन्यापेक्षा मला दुसरेच काही मोठे वाटते. निकोलसांना त्या घराची नेमकी नड ठाऊक होती, आणि आपण दिली हे कळू नये अशी त्यांची इच्छा होती. बापाला कोणापुढे हात जोडावे लागले नाहीत. मुलींना रांगेत उभे राहावे लागले नाही.

आता घरच्या मोज्याकडे येऊ. बाजारात लाल फेल्टचे, पांढऱ्या काठाचे मोजे मिळतात. दिसतात छान, पण २६ तारखेला माळ्यावर जातात, आणि पुढच्या वर्षी खाली काढावे तो झुरळांनी कुरतडलेले असतात. त्यापेक्षा पायात घालायच्या खऱ्या मोज्यांची जोडी घ्या, मुलाच्या मापापेक्षा एक नंबर मोठी. एक मोजा घरच्या मोठ्यांनी भरायचा. दुसरा मोजा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी रिकामाच त्या मुलाच्या हातात द्यायचा, आणि सांगायचे की हा तू भर, घरातल्या कोणासाठी तरी. कोणी कोणासाठी भरायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, नाहीतर सगळे मोजे धाकट्यालाच मिळतात. नाताळच्या सकाळी दोन्ही मोजे रिकामे झाले की जोडी पुन्हा जुळते आणि पायात जाते. ही काही मी शोधून काढलेली युक्ती नाही. हॉलंडमधली मुले संत निकोलसाच्या सणाला बूट मांडून ठेवतात, तेव्हा त्यात संताच्या घोड्यासाठी गाजर किंवा गवत घालतात. मिळण्याआधी मूलही काहीतरी ठेवते. आपण मोजा घेतला, गाजर तेवढे विसरलो.

लहान मूल काय भरणार, असे विचाराल. माझ्या नातीने गेल्या वर्षी आजोबांच्या मोज्यात जुन्या सुती साडीचे चौकोनी फडके कापून घातले, चष्मा पुसायला. काठ वेडेवाकडे होते. त्यासोबत पाच चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर "एक दिवस पेपर वाचून दाखवीन" असे लिहिलेले. आजोबांनी तीन वापरल्या, दोन अजून पाकिटात जपून ठेवल्या आहेत.

धुराडे आपल्याकडे नाही. खिडकीचे गज आहेत, पाळण्याचा हूक आहे, कॅलेंडरचा खिळा आहे. कुठेही टांगा, पण मुंग्यांचा विचार करून टांगा. चिक्की नाहीतर केक रात्रभर उघडा मोज्यात राहिला तर सकाळी येशूबाळाच्या आधी मुंग्या हजर. खाऊ झाकणाच्या छोट्या डबीत घालावा, नाहीतर मुले झोपल्यावर सगळ्यांत शेवटी. तीन वर्षांखालच्या बाळाच्या मोज्यात गोट्या, शेंगदाणे, फुगे, बटणासारख्या बॅटरीची खेळणी घालू नका. घशात अडकतात, आणि ती बॅटरी पोटात गेली तर फारच वाईट.

मोज्याच्या अगदी टोकाला संत्रे. इंग्रजांकडेही टोकाला संत्रेच घालतात, निकोलसांच्या सोन्याची आठवण म्हणून. त्यांच्याकडे ते दुरून, समुद्रापलीकडून यायचे. आपल्याकडे आंबिया बहाराची नागपुरी संत्री नेमकी याच दिवसांत बाजारात असतात. टाचेत वजनदार, गोल वस्तू बसते : भोवरा, लाखेचा डबा, लोकरीचा गुंडा. वरून डोकावणाऱ्या लांब वस्तूंसाठी पेन्सिली, रंगाचा ब्रश, बांबूची शिट्टी. मधल्या जागेसाठी मला सर्वांत आवडतात ते सागरगोटे. पाच सागरगोटे एका कापडी पुरचुंडीत. ज्या मुलीला ते काय आहेत ठाऊकच नाही तिला आजी शिकवील, आणि त्या दोघींचा सुट्टीतला आठवडा मोबाइलविना जाईल.

मोठ्या माणसांचे मोजे आपण उरकून टाकतो. रुमाल, साबण, झाले. जरा बघावे. आजीला सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून ती तुटलेले बटण पदराखाली झाकते. दोरा ओवायचे ते छोटे तारेचे साधन दहा-वीस रुपयांत मिळते. आजोबांना फोनमधली नावे दिसत नाहीत. मुलांचे, डॉक्टरांचे, पाळकसाहेबांचे नंबर पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून द्या. नव्या सुनेचा सासरचा पहिला नाताळ असेल, तर तिच्या आईला गुपचूप फोन करून माहेरच्या नाताळात काय असायचे ते विचारा आणि तेच मोज्यात घाला. घरकामाला येणाऱ्या मावशींचाही मोजा असावा, आणि त्यात घरातल्या इतरांच्या मोज्यात शोभणार नाही असे काही नसावे. आमच्या घरात एका मोज्याला २०० रुपयांची मर्यादा आहे. मर्यादा असली की डोके चालते.

एक मोजा मात्र बहुतेक घरांत रिकामाच राहतो. हसता आहात म्हणजे ओळखलेत. सगळ्यांचे मोजे जी भरते, तिचा. मग ती आदल्या रात्री स्वतःसाठी एक चॉकलेट टाकून ठेवते आणि सकाळी नवल वाटल्यासारखे करते. आज सभेला आलेल्या पुरुषांनी एवढे तरी ऐकून जावे. चिठ्ठ्यांत आईचे नाव घाला.

भरायचे सामान कुठून घ्यावे, याबद्दलही बोलते, कारण आपले काम आदिवासींमध्ये आहे आणि आपला पैसा दुसरीकडेच जातो. घोलवडचे चिकू प्रसिद्धच आहेत, २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांच्या वाळवलेल्या चकत्या टिकतात, आणि मोज्यात चिकटत नाहीत. जव्हार-मोखाड्याकडे नागली पिकते, म्हणजे आपली नाचणी. नागलीची बिस्किटे मिळाली तर घ्या. काही बचत गटांच्या बायका मोहफुलांचे लाडू करतात. मोह म्हटले की आपल्या लोकांना एकच गोष्ट आठवते, पण हा लाडू निर्धोक आहे, मुलांना द्या. पुस्तकातली खूण म्हणून हाताने काढलेले वारली चित्र द्या. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच चित्रांसाठी. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची ही चित्रे त्यांनी कागदावर आणि जगासमोर नेली. यंत्रावर छापलेल्या वारली किल्लीसाखळ्या ढिगाने मिळतात, पण त्यांतला रुपयाही पाड्यावर पोहोचेल असे मला वाटत नाही. आणि रस्त्याकडेला आवळे, बोरे घेऊन बसलेल्या बाईशी नाताळच्या खरेदीत तरी घासाघीस करू नका. मॉलमध्ये कुठे करतो?

आता वसतिगृहाचा मोजा. इथे मला थोडे स्पष्ट बोलू द्या.

फेल्टचा एकच लाल मोजा डोंगरातल्या मुलीला पाठवला, तर २६ तारखेला ती त्याचे काय करील? सकाळी सहाला गार पाण्याने अंघोळ करून ती प्रार्थनेला उभी राहते, पायाला भेगा पडलेल्या असतात. तिला जोडी हवी, तिच्या मापाची, जाड सुती किंवा लोकरीची. तेव्हा आपण जोडीच पाठवू : एका मोज्यात सामान, दुसरा घडी करून त्यावर. अधीक्षिकाबाईंकडून नावे नाहीत, पण मापे आणि वये मागवली आहेत. प्रत्येकीने एक माप उचलायचे.

काय भरायचे हेही त्यांनाच विचारले. त्यांनी सांगितलेल्या यादीत बाहुली नव्हती. उवांची फणी होती. केसांच्या रिबिनी, सेफ्टी पिना, नेलकटर, भेगांना लावायचे व्हॅसलिन, पेन्सिलीचे टोकयंत्र, मोठ्या मुलींसाठी पॅड, आणि सर्वांसाठी नव्या निकर. "निकर कोणी देत नाही हो, लाजतात सगळे," असे त्या म्हणाल्या. तेव्हा आपण लाजायचे नाही. पण नुसती गरज भागवणारा मोजा भरू नका. आपल्या मुलीला आपण फणी आणि निकर एवढेच देऊन नाताळ म्हणतो का? टोकाला संत्रे हवेच, चिक्कीची डबी हवी, आणि कशालाही उपयोगी नसलेली, केवळ सुंदर अशी एक वस्तू हवी. काचेच्या बांगड्या, चमकीची टिकली, रंगीत गोटी, काहीही.

जुनी खेळणी नकोत. हातपाय मोडलेल्या बाहुल्या, अर्धे कोडे, कोणाच्या तरी वाढदिवसाचे उरलेले टोप नकोत. घरातल्या मोज्यात जे घातले नसते ते तिकडच्या मोज्यात घालायचे नाही, एवढी एकच कसोटी. आणि एका खोलीतल्या सगळ्या मोज्यांची किंमत सारखी हवी. एकीला रंगपेटी आणि शेजारच्या खाटेवर दोन पेन्सिली, हे दुःख आपण पाठवायचे नाही. मराठीत मोजा म्हणजे मोजा, आणि मोजा म्हणजे गणती करा. वस्तू मोजायच्या आहेत त्या एवढ्यापुरत्याच.

काहींना पटणार नाही अशी एक गोष्ट आहे, तरी बोलते. मोज्यात पत्रिका, छापील संदेश, देणगीदाराच्या नावाची चिठ्ठी घालू नये. तिथली सगळी मुले ख्रिस्ती नाहीत. मुलगी ते सामान सुट्टीत घरी नेते. तिच्या आईबापांनी संत्र्याबरोबर कागद बघितला, तर त्यांना वाटणार की या संत्र्याची काही किंमत आहे आणि ती पुढे मागितली जाईल. आपल्याविषयी तसा संशय आधीच पुष्कळ आहे. त्या गोष्टीतल्या तीन मुलींकडे निकोलसांनी काही मागितले नव्हते. ज्यांना आपली साक्ष द्यायची आहे त्यांनी वर्षभर जावे, मुलांना गणित शिकवावे, आजाऱ्याला दवाखान्यात न्यावे. पाड्यावरचे लोक माणूस ओळखतात. तसेच मोजे हातात धरून ओळीने उभ्या केलेल्या मुलांचे फोटो या वर्षीपासून आपल्या अंकात छापू नयेत, अशी विनंती मी संपादकांना केली आहे. मोजे रात्री अधीक्षिकाबाई खाटांच्या कडेला ठेवतील. सकाळी आपण तिथे नसू.

वसतिगृहातल्या मुलांनाही दुसरा मोजा भरायला द्यावा, हे अधीक्षिकाबाईंनीच सुचवले. कोणासाठी, हे मुलांनी ठरवले : स्वयंपाकघरातल्या मावशी आणि रात्रीचे पहारेकरी काका. काय भरणार ते गुपित आहे. मला एवढेच कळले की मुले रविवारी रानात जाऊन काहीतरी गोळा करत आहेत.

मापांच्या चिठ्ठ्या दाराजवळच्या टेबलावर आहेत, जाताना एकेक घ्या. भरलेल्या जोड्या डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर आणून द्यायच्या आहेत. तोंड रबराने बांधा, गाठ मारू नका, कारण सामान सारखे आहे की नाही हे आम्ही उघडून बघणार आहोत. चिठ्ठीवरचे माप बाहेरून पिनेने लावा. संत्री मात्र आधी देऊ नका. ती आपण गाडी निघायच्या आदल्या दिवशी एकदमच पेटीने घेऊ, म्हणजे वाटेत नासणार नाहीत.