बाईचा एक एकर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी परिसर उद्ध्वस्त केला. पुनर्वसनाच्या त्या कामात गावोगावच्या स्त्रियांना प्रेमा गोपालन यांची साथ लाभली. पुढे त्यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था शेतीकडे वळली. मराठवाड्यात खुरपणी, काढणी बाईची. सातबारा आणि निर्णय मात्र पुरुषाचा. पाऊस हुकून नगदी पीक करपले, की घरातले धान्यही बाजारातूनच आणावे लागे. संस्थेने सुचविलेली वाट साधी होती: घरच्याच रानातला अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यावा, शेणखतावर धान्य, कडधान्य, भाजीपाला पिकवावा, आधी घर जेवावे, उरेल ते विकावे. काय पेरावे, हे प्रथमच तिने ठरविले. प्रेमाताई २०२२ साली निवर्तल्या. सातबाऱ्यावर तिचे नाव चढविण्याचे काम अद्याप उरले आहे.